काटोल रोडवर थरोब्रेडची पैदास आणि भावाला ट्रेनर करणे: जमेल का?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. काटोल रोडला आपली १२ एकर आहे. ५ एकर बरड, बाकी काळी. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी टिकते. संत्र्याची जुनी बाग काढून तिथे थरोब्रेड घोड्या ठेवाव्या, रेससाठी शिंगरं तयार करून विकावी, असा विचार चालू आहे. धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, घोड्यावर पक्का बसतो, त्याला ट्रेनर व्हायचं आहे. पैदास मी पाहीन अन् घोडे तो तयार करेल.

ज्यांना यातलं कळते त्यांना विचारून राहिलो. नागपूरच्या उन्हात हे जनावर राहते का? हायब्रीड नेपियर दीड एकर उभं आहे. ज्वारीचा कडबा, सोयाबीनचं कुटार, सरकीची ढेप घरचीच, ते चालेल का? सारंगखेड्याच्या बाजारात "रेसची घोडी" म्हणून स्वस्तात मिळते, तिच्यापासून सुरुवात करावी का? आणि घरीच ट्रॅक आखून भावाने घोडे तयार केले तर मुंबई-पुण्यात पळवता येतील का?

चंदीतोबरा

भाऊ, आधी घोडीचं, कारण पैसे तिथंच बुडतात. सारंगखेड्याचा बाजार मोठा आणि जुना आहे, पण तो मारवाडी, काठियावाडी, शौकाच्या आणि लग्नाच्या घोड्यांचा. टर्फ क्लबच्या रेसमध्ये फक्त थरोब्रेड पळतो, आणि तोही स्टड बुकात नोंद असलेला. आपल्याकडची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. शिंगराच्या आई आणि बाप दोघांची नोंद लागते, डीएनएवरून पितृत्व-मातृत्व पडताळतात, मायक्रोचिप बसवतात, अंगावरचे भोवरे-टिकले-पांढरे पाय रेखाटून ठेवतात. घोडी खरोखर रेस मारून आलेली असेल, पण तिचा पासपोर्ट हरवला असेल आणि चिप जुळत नसेल, तर तिचं शिंगरू ट्रॅकवर कधीच जाणार नाही. म्हणून व्यवहार करताना आधी चिप वाचून घ्या, पासपोर्टवरचा नंबर ताडा, भोवरे जुळवा, मग पैशाचं बोला.

कागद बरोबर निघाले की पुढचा प्रश्न: ही घोडी रेसमधून का काढली? पायाची शीर (टेंडन) तुटून लंगडी झालेली चालेल, अपघात पोटातल्या शिंगरात उतरत नाही. पण गुडघे मागे झुकलेले, खूर आत वळलेले, श्वास घेताना घरघर, अशा कारणाने काढलेली घोडी तेच दोष शिंगराला देण्याची शक्यता असते. ती स्वतः किती जिंकली यापेक्षा तिच्या आईची बाकीची पोरं काय पळाली ते पाहा. एकच चांगली निघाली आणि सहा रिकामी, तर ती एक अपवाद समजा.

आता चारा. उन्हापेक्षा मला तुमच्या दीड एकर नेपियरची जास्त काळजी वाटते.

नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. ते आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे चाऱ्यात कॅल्शियम असूनही घोड्याला मिळत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते ऑक्झलेट बरंचसं मोडतात, म्हणून गोठ्यात नेपियर चालतं आणि तोच अनुभव माणूस पागेत नेतो. घोड्याचं पोट वेगळं आहे. तो कॅल्शियम हाडांतून काढतो, जबड्याची आणि गालाची हाडं फुगतात, चाल आखडते, पाय आळीपाळीने लंगडतात. चेहरा फुगलेला दिसेपर्यंत बरेच महिने गेलेले असतात. रेसच्या शिंगराचं भांडवल हाडं हेच, आणि ते तुमच्या शेतात पहिल्या दीड वर्षात घडतं किंवा बिघडतं. पुढे कितीही मोठा ट्रेनर मिळो, त्याला ते दुरुस्त करता येत नाही.

दुसरी चूक गव्हाच्या कोंड्याची. जुने मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) चंदीत, म्हणजे धान्याच्या खुराकात, कोंडा सढळ हाताने घालतात. २ किलो कोंड्यात साधारण २२ ग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम ३ ग्रॅमसुद्धा नाही. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट तरी लागतं, म्हणजे त्या एका घमेल्याने ३० ग्रॅमची तूट पाडली. ती भरायला खाद्य दर्जाच्या चुनखडीची भुकटी ८० ग्रॅमच्या आसपास लागेल. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालून तूट भरत नाही, कारण त्यात फॉस्फरसही आलाच. त्यापेक्षा कोंडा अर्ध्या किलोवर आणा आणि वाळलेला लसूणघास रोज ३ किलो द्या, त्यातून ४० ग्रॅम कॅल्शियम सहज येतं. ५०० किलोच्या घोडीला गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत रोज ३६ ग्रॅम आणि व्याल्यानंतर पहिल्या महिन्यात ५९ ग्रॅम कॅल्शियम लागतं, हे आकडे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

बाकीचं थोडक्यात. ज्वारीचा हिरवा चारा घोड्याला अजिबात नको, कोवळ्या धाटांत विष असतंच, शिवाय घोड्यांमध्ये मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडण्याचा वेगळा आजार होतो आणि तो बरा होत नाही. पूर्ण वाळलेला कडबा पोट भरायला ठीक, पण गाभण घोडीचा मुख्य चारा तो नव्हे. सरकीची ढेप शिंगरांना देऊ नका, सरकीतलं गॉसिपॉल हे विष कोवळ्या जनावराला झेपत नाही. प्रथिनांसाठी सोयाबीन आहेच तुमच्याकडे, पण भाजलेलं किंवा पेंड, कच्चं नाही. कुटारात धोतऱ्याच्या बिया येतात, ते चाळल्याशिवाय देऊ नका. आणि शेजारी पोल्ट्री असेल तर तिथलं खाद्य पागेच्या वाऱ्यालाही नको: त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध घातलेलं असेल तर कोंबड्यांना चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते.

डॉक्टर_पागा

चाऱ्याबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. उन्हाबद्दल मी लिहिते.

मोठा घोडा नागपूरचा मे महिना काढतो, सावली, वारा आणि पाणी असेल तर. पागेची उंची १४ फूट ठेवा, आढ्याला हवा जायला सलग फट ठेवा, पत्र्याखाली तणसाचा जाड थर द्या. एका घोड्याला १२ बाय १२ फुटांची खोली पुरते, विणाऱ्या घोडीला १४ बाय १६ ची. आपले वाळ्याचे कूलर मे महिन्यात उत्तम काम करतात, कारण हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाला की कूलरचं पाणी बंद करून नुसते पंखे ठेवा. दमट हवेत ओला वारा मारत राहिलं की घाम वाळतच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या उघडिपीत काही घोड्यांचा घाम बंद होतो: अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास धापेचा. मोतद्दाराला तापासारखं वाटतं. कामानंतर अंग ओलं झालं की नाही हे रोज हात फिरवून पाहायचं. पाणी एरवी दिवसाला २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात दुपटीहून अधिक धरा. मीठ ५० ते ६० ग्रॅम रोज.

शिंगरांचं गणित मात्र वेगळं आहे. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू एप्रिल-मेमध्ये तीन-चार महिन्यांचं असतं, आणि नेमक्या त्या वयात रोडोकॉकस नावाच्या जंतूचा न्यूमोनिया होतो. हा जंतू लिदीतून मातीत जातो आणि कोरड्या गरम धुळीतून फुप्फुसात. आपल्याकडचा उन्हाळा त्याला फार मानवतो. शिंगरू खेळत असतं, दूध पीत असतं, आणि फुप्फुसात गळवं तयार झालेली असतात. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून मार्चपासून प्रत्येक शिंगराचा ताप रोज घ्या, श्वास विश्रांतीत मोजा. ताप ३८.९ अंश सेल्सिअसच्या वर किंवा श्वास मिनिटाला ४० च्या वर गेला, की छातीची सोनोग्राफी करून घ्या. वाडग्यातली लीद रोज उचला, जमिनीवर संध्याकाळी पाणी मारा, गवत उखडलेल्या जागी कळप उभा ठेवू नका.

आणि हे नीट वाचा. या न्यूमोनियावर मॅक्रोलाइड गटाची औषधं रिफॅम्पिसिनसोबत देतात. ही औषधं शिंगराचा घाम दाबतात. औषध चालू असलेलं शिंगरू नागपूरच्या दुपारी बाहेर राहिलं, तर न्यूमोनियाने नाही, उष्माघाताने मरतं. औषध सुरू असेपर्यंत आणि संपल्यावरही काही दिवस त्याला पहाटे आणि रात्रीच बाहेर काढायचं, दिवसभर पंख्याखाली, आईसकट.

विण्याच्या रात्रीबद्दलही लिहिते. घोड्या बहुधा रात्री १० ते पहाटे ४ मध्ये वितात आणि विणं २० ते ३० मिनिटांत उरकतं, काही अडलं तर डॉक्टर पोचेपर्यंत संपलेलं असतं. त्यामुळे जो माणूस जागा आहे त्यालाच माहिती हवी. कासेच्या टोकाला मेणासारखे थेंब आले की पुढच्या एक-दोन रात्री झोपायचं नाही. पिशवी पांढुरकी, काचेसारखी दिसली तर ठीक. लाल, मखमलीसारखी पिशवी बाहेर आली तर जार (वार) आधीच सुटली आहे आणि आतल्या शिंगराचा प्राणवायू बंद झाला आहे. ती लगेच कापायची, विचारायला फोन करत बसायचं नाही. नंतर तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत आचळाला, तीन तासांत जार बाहेर. जार तीन तासांत पडली नाही तर ओढू नका, तुटून आत राहिलेला हाताएवढा तुकडासुद्धा घोडीला विषबाधा आणि लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) देतो. पडलेली जार जमिनीवर पसरून दोन्ही शिंगांची टोकं पूर्ण आहेत ना ते पाहा.

चिकाला पर्याय नाही. घोडीच्या पोटात शिंगराला प्रतिकारशक्ती मिळत नाही, सगळी चिकातून, आणि आतडं ती २४ तासांपर्यंतच घेतं. ५० किलोच्या शिंगराला पहिल्या ६ ते ८ तासांत एक ते दीड लिटर चीक हवा. संत्र्याच्या रसाची गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर तुमच्या भागात नवीन नाही, त्याच्यावरच चिकाचा थेंब टाका: २३ किंवा वर आलं तर चीक दमदार. कमी आलं तर दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक हवा, म्हणून चांगल्या चिकाच्या घोडीकडून शिंगरू पोटभर प्यायल्यावर पाव लिटर काढून फ्रीझरमध्ये ठेवायची सवय लावा. १८ ते २४ तासांत रक्तातलं आयजीजी (प्रतिकारशक्तीचं प्रथिन) तपासा, ८०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर पाहिजे.

धनुर्वाताची लस गाभण घोडीला विण्याच्या महिनाभर आधी. घोडा या रोगाला फार हळवा. पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या पूनावाला स्टडचे निवृत्त घोडे धनुर्वाताच्या सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्या जनावराने लाखो माणसांना सीरम दिलं त्याचंच लसीकरण आळसाने राहून जाऊ नये.

पावसाळ्यानंतर सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) लक्षात ठेवा. घोडामाशी शेजारच्या म्हशीला चावून तुमच्या घोडीला चावते. म्हैस धडधाकट दिसते, घोडी अधूनमधून तापते, पोटाखाली सूज येते, खाऊनही खंगते. नवीन जनावर आलं की ३० दिवस वेगळं बांधा आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी करूनच कळपात घ्या. या रोगावर उपचार नाही, २००९ च्या कायद्याप्रमाणे बाधित जनावर मारावं लागतं, आणि माणसालाही होतो. नमुन्यांची खात्री हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच, हा तुमचा मोठा फायदा. पहिली घोडी आणायच्या आधी तिथे जाऊन ओळख करून घ्या.

संत्राबाग

इतकं सविस्तर कुठंच वाचायला मिळालं नव्हतं, मनापासून आभार. नेपियर गाईंना ठेवतो. वळू घोडा आपण आणावा का? की कृत्रिम रेतन होते याच्यात?

चंदीतोबरा

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, जगात कुठेच नाही. वळूने प्रत्यक्ष लावलेली घोडीच नोंदली जाते. चार-पाच घोड्यांसाठी वळू पोसणं परवडत नाही, आणि हलका वळू फुकट मिळाला तरी महाग. चांगले वळू पुण्याच्या आसपासच्या स्टडवर आहेत, म्हणजे घोडीला सातशे किलोमीटरचा प्रवास. ती जानेवारी अखेरीस पाठवा, ४५ दिवसांची गाभण ठरली की मगच परत आणा.

तारखा मात्र चुकवू नका. आपल्याकडे सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. इंडियन २००० गिनीज ही रेस डिसेंबरात तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि इंडियन डर्बी, जी १९४३ पासून चालू आहे, फेब्रुवारीत चार वर्षांच्यांसाठी, म्हणजे दोन्हीकडे तीच पिढी. मार्चअखेर जन्मलेलं शिंगरू जानेवारीतल्यांशी त्याच कागदी वयात भिडतं. पण घाई अंगलट येते. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवस, कधी ३२० सुद्धा. १५ फेब्रुवारीला लावलेली घोडी ३२० व्या दिवशी व्याली तर १ जानेवारी येते. १ फेब्रुवारीला लावली आणि लवकर व्याली, तर शिंगरू डिसेंबरात जन्मून दोन आठवड्यांत कागदावर एक वर्षाचं. ते विकलं जाणार नाही.

मोकळ्या (गाभण नसलेल्या) घोडीला फेब्रुवारीत माजावर आणायला उजेड लागतो. थंडीत दिवस लहान, म्हणून तिचे अंडाशय झोपलेले असतात. १ डिसेंबरपासून एकूण १६ तास उजेड द्यायचा, आणि तो संध्याकाळी जोडायचा, पहाटे नाही. नागपुरात तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे दिवा अंधार पडायच्या आत लावून रात्री साडेदहापर्यंत. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे, एवढा प्रकाश पुरे. साठ-सत्तर दिवस लागतात, आणि मध्ये चार-पाच रात्री वीज गेली तर मेहनत मागे जाते, म्हणून इन्व्हर्टरवर जोडा.

डॉक्टर_पागा

एक दुरुस्ती. ४५ दिवस थांबा हे बरोबर, पण १४ ते १६ व्या दिवसाची सोनोग्राफी तिथेच झाली पाहिजे. थरोब्रेडमध्ये जुळी बऱ्याचदा राहतात आणि घोडीला ती पेलत नाहीत, आठव्या-नवव्या महिन्यात दोन्ही जातात. १६ व्या दिवसाच्या आत एक दाबून काढता येतं, त्यानंतर ते भिंतीला चिकटतं. ३६ व्या दिवसानंतर दोन्ही गमावली तरी घोडी त्या हंगामात नीट माजावर येत नाही.

परतीचा प्रवास रात्रीचा करा. दर चार तासांनी थांबून दोर सैल करा, मान खाली घालून तिला शिंकरू द्या. मान वर बांधून बारा-पंधरा तास नेलेल्या घोडीच्या छातीत कफ उतरतो आणि तिसऱ्या दिवशी फुप्फुसाचा ताप येतो.

पहाटेची_रपेट

ट्रेनरचं मी सांगतो. घरच्या ट्रॅकवर घोडा तयार करून रेसला नेता येत नाही. क्लबचा परवाना असलेला ट्रेनर आणि क्लबच्या हद्दीतली पागा, दोन्ही लागतं. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, मग घोडे पुण्याला. नागपूरहून खरं जवळ हैदराबाद आहे, पाचशे किलोमीटर. भावाने तिथंही चौकशी करावी.

वाट अशी: मोतद्दार किंवा राइडिंग बॉय, मग जमादाराच्या (पागेच्या मुकादमाच्या) हाताखाली, मग सहायक ट्रेनर, मग परवान्यासाठी स्टुअर्ड्ससमोर (क्लबच्या रेस अधिकाऱ्यांसमोर). पेसी श्रॉफ यांच्यासारखे आधी नामवंत जॉकी आणि नंतर ट्रेनर झालेले आहेत, पण जॉकीचं वजन पन्नास किलोच्या आसपास लागतं, ते प्रत्येकाला शक्य नाही. भाऊ जड असेल तर पागेतूनच जावं. पक्का बसतो ही चांगली गोष्ट, पण ट्रेनरचं काम जमिनीवर उभं राहून चालतं.

पहाटे घोडा बाहेर काढायच्या आधी ट्रेनर दोन गोष्टी पाहतो. रात्रीची चंदी किती उरली, आणि पाय. पुढच्या पायाची नळी मागून अंगठा आणि दोन बोटांत धरून गुडघ्याखालून घोट्यापर्यंत सावकाश उतरायचं. शीर ताणलेल्या दोरीसारखी, कडा स्पष्ट, थंड. मग दुसरा पाय, मग पुन्हा पहिला. तांदळाएवढा फुगवटा किंवा किंचित ऊब लागली तर त्या दिवशी काम बंद. त्या दिवशी थांबलं तर दोन-तीन आठवडे जातात. पळवलं आणि शीर फाटली तर नऊ महिने ते वर्ष, आणि परत तसाच पळेल याची खात्री नाही. हा हात यायला दोन हंगाम रोज वीस-पंचवीस घोड्यांचे पाय धरावे लागतात. वासरू-गोऱ्ह्यावर किंवा शंकरपटाच्या जोडीवर तो येत नाही.

दोन वर्षांचं शिंगरू आलं की तीन-चार आठवडे दोरीवर गोल फिरवायचं, दोन्ही बाजूंना सारखं. मग खोगीर, मग माणूस आडवा टाकून, मग चाल, दुडकी, संथ कँटर (मध्यम वेगाची धाव). गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढरेषा २४ ते ३० महिन्यांत बंद होते, एक्स-रे काढून बघूनच वेग वाढवतात. नडग्या दुखणं हा या वयाचा ठरलेला आजार. नुसता लांब संथ कँटर देत राहिलं आणि एकदम वेग काढला की नडगीचं पुढचं हाड सुजतं, कारण हाड ज्या वेगाला तयार होतं त्याच वेगाला टिकतं. म्हणून आधीपासून आठवड्यातून दोनदा छोटे, २०० मीटरचे, थोडे जलद तुकडे घालायचे आणि ते हळूहळू वाढवायचे. पेपरात ६००/३८ छापतात ना, ते ६०० मीटर ३८ सेकंदांत. भावाने स्टॉपवॉच न बघता तो वेग ओळखायला शिकावं.

औषधांचं भान पहिल्या दिवसापासून. नमुन्यात बंदी असलेलं काही निघालं तर जबाबदारी ट्रेनरचीच, हेतू कोणी विचारत नाही. मोतद्दाराच्या चहाचा उरलेला घोट बादलीत, खसखशीची मिठाई चारली, कुटारात धोतरा, यातूनही नमुना बिघडतो.

एकाच घरात पैदास आणि ट्रेनिंग असणं उपयोगाचं आहे, पण ते दहा वर्षांनी. आत्ता भाऊ पागेत जाऊ दे, तुम्ही दोन घोड्या ठेवा, दोनच.

संत्राबाग

दोनच ठेवतो. ऑक्टोबरात एक एकर लसूणघास पेरायचं ठरवलं. बियाणं किती अन् काळ्या जमिनीत की बरडीवर?

चंदीतोबरा

एकरी ८ ते १० किलो, ओळींत एक फूट अंतर. राहुरीचं आरएल-८८ वाण बरीच वर्षं टिकतं. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, बरडीवर पाण्याचा ताण. मध्ये जिथे काळी आणि मुरूम मिसळतात आणि उतार आहे, ती पट्टी निवडा. बी मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढा, आणि अमरवेलीचं बी मिसळलेलं नाही ना हे भिंगाखाली पाहूनच पोतं घ्या. एकदा पिवळे धागे चढले की ती जागा जाळावी लागते. बरड मात्र ठेवा, नांगरू नका. शिंगरांना पळायला तीच जमीन लागेल, पावसाळ्यात तिथे चिखल होत नाही आणि खूर कडक राहतात.